जगात राहून जगावेगळे : आमिश ख्रिस्ती समाज

तान्हेपणी मिळालेला बाप्तिस्मा अमान्य करून प्रौढ वयात, समजून-उमजून तो पुन्हा घेणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धावंतांची चळवळ १५२५ मध्ये झुरिच येथे सुरू झाली आणि त्यापायी पुढे अनेकांना देहदंड सोसावा लागला. याच परंपरेतून १६९३ मध्ये याकोब अम्मान यांच्या नेतृत्वाखाली वेगळा झालेला कडक शिस्तीचा पंथ म्हणजे आमिश. त्याचे अनुयायी अठराव्या शतकात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात स्थिरावले.

घोडागाडी आणि साधा वेश पाहून आमिशांना यंत्रद्वेष्टे ठरवले जाते, ते अन्यायाचे आहे. ‘ऑर्डनुंग’, म्हणजे मंडळीने ठरवलेली आणि बहुतांशी अलिखित असलेली आचारसंहिता, एखादे साधन पापी आहे का हे पाहत नाही. त्याने कुटुंब आणि शेजार दुरावेल का, हे पाहते. म्हणूनच अनेक वस्त्यांत दूरध्वनी घरात नसतो, पण बाहेरच्या खोपटात चालतो.

या जीवनाचा गाभा ‘गेलासनहाइट’ या जर्मन शब्दात आहे : स्वतःची इच्छा देवापुढे आणि मंडळीपुढे नमवणे. त्याची सर्वांत अवघड कसोटी २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील निकेल माइन्स येथे लागली. तेथील आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच मुलींचा जीव घेऊन आत्महत्या केली, तेव्हा आमिश शेजारी त्याच दिवशी त्याच्या कुटुंबाचे सांत्वन करायला गेले आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही, नुकत्याच पुरलेल्या लेकींच्या आईवडिलांसह, उभे राहिले.