टेलिफोटो झूम : मध्यम की व्यावसायिक?

खरा फरक अ‍ॅपर्चरचा

७०-३०० मिमी एफ/४-५.६ ही मध्यम श्रेणी, ७०-२०० मिमी एफ/२.८ व्यावसायिक. मध्यम लेन्सचा पल्ला मोठा, पण ३०० मिमीला अ‍ॅपर्चर एफ/५.६ पर्यंतच उघडते, प्रकाश एफ/२.८च्या एक चतुर्थांश. म्हणून दिव्यांखालच्या कबड्डी सामन्यात १/५०० सेकंदाचे शटर १/१२५ वर येते आणि चढाई करणाऱ्याचा हात धूसर उमटतो. यावर स्टॅबिलायझेशन हा उपाय नव्हे : ते कॅमेऱ्याचा कंप रोखते, खेळाडूची हालचाल नाही. आयएसओ ८००वरून ३२०० केल्यास शटर टिकते, पण नॉइज वाढतो. वजनात मात्र मध्यम लेन्स सरस : कॅननची ईएफ ७०-२०० एफ/२.८ सुमारे दीड किलोची, ईएफ ७०-३०० सुमारे ७०० ग्रॅमची. भर उन्हात मध्यम लेन्स पुरते. कमी उजेडातल्या वेगवान खेळाला एफ/२.८ लागते.