मक्याची कणसे यंत्रात का अडकतात?

अमेरिकेच्या आयोवा व इलिनॉय या राज्यांत सप्टेंबरच्या मध्यापासून मक्याची कापणी सुरू होते आणि नोव्हेंबरपर्यंत चालते. एकेका शेतकऱ्याकडे शेकडो एकर मका उभा असतो. पाऊस, वारा व हिम यांच्या आधी तो घरात आणावयाचा असतो. अशा वेळी कापणीचे यंत्र तासाभरासाठी जरी बंद पडले, तरी त्याची किंमत मोठी असते. यंत्र बंद पडण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे त्याच्या तोंडाशीच कणसे व ताटे तुंबणे हे होय.

१९५० नंतरच्या दशकात धान्य कापणाऱ्या व मळणाऱ्या कंबाइन यंत्रास मक्यासाठी निराळे तोंड जोडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. या तोंडास कॉर्न हेड म्हणतात. त्यापूर्वी कणसे हाताने अथवा केवळ कणसे तोडणाऱ्या यंत्राने काढीत, आणि दाणे मागाहून सोडवीत. कॉर्न हेडमुळे तोडणी व मळणी एकाच फेरीत होऊ लागली.

कणीस तुटते कसे?

कॉर्न हेडच्या पुढे जमिनीलगत टोकदार दुभाजक असतात. दोन दुभाजकांमधील फटीत मक्याची एकेक ओळ शिरते. फटीच्या दोन्ही बाजूंस दात असलेल्या साखळ्या मागे सरकत असतात व ताटास आत घेतात. त्यांच्या खाली दोन पोलादी रूळ परस्परांकडे फिरतात आणि ताटास वेगाने खाली ओढतात. रुळांच्या वर दोन पट्ट्या बसविलेल्या असतात. पट्ट्यांमधून ताट खाली जाते, परंतु जाड कणीस जात नाही. ते पट्ट्यांवर आपटून तुटते. मग साखळी ते मागे नेते, आडवा मळसूत्री वाहक सर्व ओळींची कणसे मध्यभागी गोळा करतो, आणि तेथून चढती साखळी त्यांना मळणीच्या पिंपाकडे पोहोचविते.

ही एक प्रकारची मालिका आहे. प्रत्येक टप्प्याने मागील टप्प्याकडून आलेला माल तितक्याच त्वरेने पुढे दिला पाहिजे. एक टप्पा मंदावला की त्याच्या अलीकडे ढीग साचतो. यास्तव दोष शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ढीग प्रथम कोठे साचला?

ढीग सांगतो दोषाचे स्थान

ताटे दुभाजकांपाशीच पुढे ढकलली जात असतील, तर बहुधा यंत्राची चाल साखळीच्या मानाने अधिक असते. याउलट चाल फार मंद असेल, तर साखळ्या ताटास रुळांनी पकडण्यापूर्वीच ओढून मोडतात अथवा मुळासकट उपटतात, आणि माती व पाचोळा आत येतो. दोन्ही वेगांचा मेळ जमला, की कणसे रुळांच्या लांबीच्या मधल्या ते मागच्या भागावर तुटतात. ती पुढच्याच टोकाशी तुटत असतील तर चाल मंद आहे, अगदी शेवटी तुटत असतील तर ती जास्त आहे, असे समजावे.

पट्ट्यांमधील अंतर हा दुसरा महत्त्वाचा विषय होय. ते सुमारे ३० ते ३५ मिलिमीटर ठेवतात, व मागच्या बाजूस पुढल्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर अधिक असते, म्हणजे ताट मध्येच चिमटले जात नाही. अंतर फार कमी झाल्यास ताटे अडकून तुटतात आणि पाचोळ्याचा लोंढा आत येतो. फार वाढल्यास कणसाचे बूड रुळांना लागते व दाणे तेथेच गळून पडतात. अनेक आधुनिक यंत्रांत चालकास बसल्या जागेवरून हे अंतर बदलता येते.

रुळांच्या कडा झिजल्या, की ताट निसटते आणि तण रुळांभोवती गुंडाळले जाते. ते कापण्यासाठी रुळांलगत पाती असतात. ती रुळांना न लागता शक्य तितकी जवळ असावीत. साखळी सैल असेल तर ती दात चुकविते. मळसूत्री वाहक तळापासून फार उंच असल्यास लहान कणसे त्याच्याखाली लोळत राहतात, फार खाली असल्यास मोठी कणसे तळाशी चेंगरतात.

आडवा पडलेला मका

पीक उभे असते तोवर या सर्व गोष्टी सोप्या भासतात. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवातून प्रचंड वादळी वारे गेले व लाखो एकर मका आडवा झाला. अशा पिकात दुभाजक जमिनीस जवळजवळ टेकवून, चाल कमी करून यंत्र न्यावे लागते. ज्या बाजूस ताटे झुकली आहेत त्याच्या विरुद्ध दिशेने गेल्यास ती पुष्कळदा अधिक सहज उचलली जातात. मग एकाच दिशेने कापून, परतताना यंत्र रिकामे आणावे लागते. वेळ दुप्पट लागला, तरी कणसे हाती येतात.

नुकसान मोजावे कसे?

अदमासापेक्षा मोजणी बरी. यंत्रामागे ४० चौरस मीटर जागेत सुमारे ३४० ग्रॅमचे एक कणीस पडलेले आढळले, तर एकरी अंदाजे २५ किलो धान्य गेले असे समजावे. सुटे दाणे दर चौरस फुटास दोन पडले असतील, तरी नुकसान तितकेच. कापणीपूर्वीच गळलेली कणसे मात्र आधी मोजून वजा करावीत. एक फेरफार करावा, थोडे अंतर चालवून पुन्हा मोजावे, व मगच दुसरा फेरफार करावा. एकदम दोन बदल केल्यास कोणता उपयोगी पडला हे कळत नाही.

सर्वांत मोठा धोका

तुंबलेले यंत्र पाहून घाईत हात घालण्याचा मोह होतो. हाच मोह अनेकांच्या बोटांवर व हातांवर बेतला आहे. रूळ ताटास सेकंदास सुमारे साडेतीन मीटर वेगाने खेचतात. धोका जाणवून मूठ सोडण्यास अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात ताट पावणेदोन मीटर आत जाते. मनुष्याचा हात इतका लांब नसतो. म्हणून प्रथम उलट फेर देऊन अडथळा बाहेर काढता येतो का ते पाहावे. तसे न झाल्यास एंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, सर्व भाग थांबले आहेत याची खात्री करावी, आणि यंत्राचे तोंड उचललेले असल्यास त्यास आधाराचा अडसर लावावा. मगच यंत्राजवळ जावे. यात जाणारी पाच मिनिटे कापणीच्या हंगामात सहज भरून निघतात. गेलेला हात भरून निघत नाही.