पाणबुडीचे युद्ध – लेखांक ६ : डेप्थ चार्जच्या वेढ्यात

टॉर्पेडो सुटल्यानंतर पाणबुडीच्या लढाईतला आक्रमणाचा भाग बहुधा काही मिनिटांतच आटोपतो. त्यानंतर सुरू होणारा पाठलाग मात्र कित्येक तास, प्रसंगी दिवसभराहून अधिक काळ चालतो. मागील लेखांकात टॉर्पेडो-हल्ल्याचे तंत्र पाहिले. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो त्यानंतरचा काळ, ज्यात शिकारी आणि सावज यांच्या भूमिका उलटतात आणि पाणबुडीतील बहुसंख्य माणसांच्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही. युद्धातील शौर्याची रूढ कल्पना कृतीशी जोडलेली असते; दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांवरच्या खलाशांची कसोटी मात्र सर्वाधिक लागली ती सक्तीच्या निष्क्रियतेत.

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकाने भरलेले पिंप. ब्रिटिश नौदलाच्या प्रचलित नमुन्यात सुमारे १३० किलो स्फोटक असे आणि पाण्याच्या दाबावर चालणारी कळ आधी ठरवून दिलेल्या खोलीवर त्याचा स्फोट घडवी. पाणबुडीचे पोलादी कवच थेट फोडायचे तर हा स्फोट अगदी काही मीटरांच्या आत व्हावा लागे, आणि तसा नेम क्वचितच साधे. परंतु त्याहून दूरचे स्फोटही दिवे फोडत, दाबमापकांच्या काचा तडकवत, झडपांचे सांधे ढिले करत. अशा बारीकसारीक गळत्यांनी आत साठलेले पाणी पाणबुडीला जड करी, आणि जड झालेली पाणबुडी हळूहळू अशा खोलीकडे सरके जेथे शत्रूऐवजी समुद्रच तिचे काम तमाम करू शके. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे २०० मीटर खोलीवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २० किलोचा भार असतो. जर्मन ताफ्याचा कणा असलेल्या ‘सात-सी’ वर्गाच्या पाणबुडीचे कवच दोन सेंटिमीटरांहूनही कमी जाडीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे कवचाची कुरकुर ऐकताना माणसांच्या नजरा खोलीमापकाच्या काट्यावर का खिळत, ते समजते.

या लढाईत पाणबुडीला दिसत काहीच नसे. जे काही कळे ते कानांनी. वरील युद्धनौका ‘ॲस्डिक’ या यंत्राने, ज्याला पुढे सोनार हे नाव रूढ झाले, पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीची दिशा आणि अंतर ठरवी, आणि त्या लहरी कवचावर आपटल्याचा टिणटिणाट आतल्या माणसांना उघड्या कानांनीही ऐकू येई. या यंत्राची एक मोठी उणीव होती. विजेरीच्या तिरप्या झोताप्रमाणे ध्वनीचा झोत पुढे जात असल्यामुळे युद्धनौका अगदी जवळ आली की खोलवरची पाणबुडी झोताच्या खाली निसटे. शिवाय पिंप सेकंदाला साधारण तीन मीटर या गतीने बुडत असल्याने १०० मीटर खोली गाठायला त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. पाणबुडीच्या कप्तानाचे सारे कौशल्य या आंधळ्या क्षणांचा लाभ उठवण्यात होते. हायड्रोफोन म्हणजे पाण्यातील आवाज टिपणारे यंत्र. त्यावर बसलेला खलाशी वरच्या नौकेच्या पंख्यांची गती वाढल्याचे दबक्या आवाजात सांगे, कप्तान नेमक्या वेळी सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून वेग वाढवण्याचा हुकूम देई, आणि स्फोटांचा गडगडाट विरताच मोटारी पुन्हा जवळजवळ बंद केल्या जात, कारण त्या गडगडाटातच काय तो आवाज करण्याची मुभा असे. एरवी बूट काढून ठेवलेले, पंप थांबवलेले, हातातला पाना लोखंडी फरशीवर पडू नये म्हणून जीव मुठीत धरलेला. काही पाणबुड्यांवर पाटीवर खडूच्या रेघा ओढून स्फोटांची मोजदाद ठेवली जाई. तिचा लढाईला उपयोग शून्य, पण मोजणाऱ्याला काम मिळे.

युद्धाच्या मध्यास ब्रिटिशांनी वापरात आणलेल्या ‘हेजहॉग’ या अस्त्राने हा खेळच बदलला. त्यातील चोवीस लहान बॉम्ब नौकेच्या पुढे फेकले जात आणि पाणबुडीला प्रत्यक्ष धडकल्यासच फुटत. त्यामुळे ॲस्डिकचा संपर्क तुटत नसे आणि आतल्या माणसांना पूर्वसूचनाही मिळत नसे.

वेढ्याचा कालावधी ठरवी ती बॅटरी. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली त्या काळची पाणबुडी विजेच्या मोटारींवर चाले. ‘सात-सी’ वर्गाची पाणबुडी ताशी चार सागरी मैलांच्या संथ गतीने सुमारे ८० सागरी मैल जाऊ शके, म्हणजे जेमतेम वीस तास, आणि पूर्ण वेगाने पळू लागल्यास हाच साठा तासाभरातच संपे. त्याच बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होई. पुढे स्नॉर्केल, म्हणजे पाण्याबाहेर काढून हवा घेण्याची नळी, आल्याने बॅटरी भरण्याची अडचण कमी झाली, परंतु सुटली नाही, हे १९७१ च्या एका घटनेतून दिसते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने भारताची ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी मृत्युमुखी पडले. मराठी वाचकाला ही घटना खुकरीच्या बाजूने परिचित आहे. त्यानंतरचे कित्येक दिवस भारतीय नौका व विमाने ‘हंगोर’च्या मागावर होती आणि तरीही ती निसटून कराचीला पोहोचली, परंतु त्या दिवसांतही तिची मूळ अडचण १९४३ च्या पाणबुड्यांचीच होती, ती अशी की बॅटरी भरायची तर नळी वर काढावी लागे, आणि नळी वर काढली की सापडण्याचे भय वाढे.

अमेरिकेच्या ‘पफर’ या पाणबुडीचा अनुभव मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण यंत्रांइतकीच माणसांचीही त्यात बारकाईने तपासणी झाली. ही पाणबुडी पहिल्याच गस्तीवर असताना ९ ऑक्टोबर १९४३ रोजी बोर्निओ व सेलेबीस यांच्यामधील मकासर सामुद्रधुनीत तिने एका जपानी व्यापारी जहाजावर टॉर्पेडो सोडले. जहाज बुडाले नाही, आणि त्याच्या संरक्षक नौकेने तिला सुमारे ३१ तास पाण्याखाली दाबून धरले. पहाटेपासूनचा काळ धरता ती सलग जवळजवळ ३८ तास पाण्याखाली होती. आवाज टाळण्यासाठी वातानुकूलन बंद होते, त्यामुळे काही कप्प्यांतील तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, भिंतींवर आणि फरशीवर घामाचा व दमटपणाचा बुळबुळीत थर जमला, आणि प्यायलेला फळांचा रसही पोटात ठरेना. आवाज टाळण्यासाठीच सुकाणू आणि पाणबुडीची खोली राखणारी आडवी पाती हातांनी फिरवावी लागत. हे काम मोकळ्या हवेतही दमछाक करणारे, आणि येथे तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठत चाललेला. बाहेरच्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. तो तीन टक्क्यांपर्यंत चढला की धाप लागते, डोके ठणकू लागते, आणि त्यापुढे विचारशक्ती मंदावते. रसायनाने तो शोषून घेण्याची आणि बाटल्यांतील ऑक्सिजन सोडण्याची सोय होती, पण अशा दीर्घ वेढ्याला ती अपुरी ठरली.

सुटकेनंतर खलाशांशी झालेल्या बोलण्यातून जे चित्र पुढे आले ते अनपेक्षित होते. भीतीच्याही आधी आला होता संताप: कामचुकार टॉर्पेडोंवर, वरच्या शत्रूवर, आणि पाणबुडीत स्वेच्छेने दाखल झालेल्या स्वतःवर. नंतर बहुतेकांना गुंगी चढली आणि जगण्या-मरण्याची फिकीरही उरली नाही; कामाच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे लावणे अशक्य झाल्याने ज्यांना उठवत होते ते आपणहून पुढे आले. एरवी चपळ, उत्साही आणि पुढारपणाला योग्य वाटणारी माणसे आधी कोसळली, आणि शेवटपर्यंत टिकली ती ज्यांची एरवी कोणी दखल घेत नसे अशी, संथ वृत्तीची, नेमून दिलेले काम मुकाट्याने ओढणारी. पाणबुडीसाठी माणसे निवडताना तडफदारपणाला दिले जाणारे महत्त्व या निष्कर्षाने निदान शंकास्पद ठरते.

‘पफर’ बंदरात परतली, तिचा कप्तान बदलला, आणि वरवर पाहता प्रकरण संपले. परंतु पुढील गस्तींवर असे दिसून आले की त्या ३१ तासांतून गेलेल्यांची एक बंद जमात बनली होती. नव्याने रुजू झालेला खलाशी कितीही कुशल असला तरी तो त्या दिवशी तेथे नव्हता, म्हणून त्याला आपला मानले जात नसे. परस्परांविषयीचा जिव्हाळा हा पाणबुडीवरील कामाचा पाया मानला जातो, पण येथे त्यानेच कामात अडसर निर्माण केला. म्हणून असा प्रसंग भोगलेल्या तुकडीतील माणसे एकत्र न ठेवता वेगवेगळ्या पाणबुड्यांवर वाटून द्यावीत, असा निष्कर्ष काढण्यात आला.