हायड्रेंजियाची लागवड व निगा

उटीसारख्या थंड हवेच्या ठिकाणाहून निळ्या फुलांचें हायड्रेंजिया हौसेनें आणावें आणि घरीं त्यास गुलाबी फुलें यावीं, म्हणजे रोपवाल्यानें फसविलें असें वाटतें. परंतु हा दोष रोपवाल्याचा नव्हे. गुण मातीचा आहे.

हें झुडूप मूळचें जपानांतील. आम्ल मातींतील ॲल्युमिनियम त्याच्या मुळांस मिळतें, म्हणून फूल निळें होतें. चुनखडीच्या मातींत तें मिळत नाहीं. मातीचा सामू ५.५ हून कमी असल्यास रंग निळा, ६.५ हून अधिक असल्यास गुलाबी येतो. पांढऱ्या जाती मात्र सहसा बदलत नाहींत.

देशावरील काळ्या, चुनखडीच्या जमिनींत हें झाड थेट लावूं नये. कुंडींत तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा व थोडी वाळू भरून लावावें. सकाळचें कोवळें ऊन व दुपारची सावली असावी. माती ओलसर राहावी, पण पाणी सांचूं नये. निळा रंग हवा असल्यास कळ्या येण्यापूर्वीं महिन्यांतून एकदां, ४ लिटर पाण्यांत सुमारें १५ ग्रॅम तुरटी विरघळवून तें पाणी ओल्या मातीस द्यावें.

छाटणी फुलें सरतांच करावी. पुढील बहराच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच धरतात. उशिरां कातर चालविल्यास तें वर्ष फुकट जातें.

एक इशारा अवश्य ध्यानांत ठेवावा. याचीं पानें व कळ्या विषारी आहेत. म्हणून तें गोठ्याजवळ लावूं नये व छाटलेल्या फांद्या गुरांपुढें टाकूं नयेत.

फुलाचा रंग हा मातीनें दिलेला जबाबच होय. तो आधीं वाचावा, मग उपाय करावा.