सिंदखेड राजा की सिंदखेडराजा?

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३. त्यांतल्या एकाचंच नाव डेटाबेसला घाम फोडायला पुरेसं आहे. कुणी ‘सिंदखेड राजा’ लिहितं, कुणी ‘सिंदखेडराजा’. समजा, तालुक्यांच्या टेबलमध्ये नाव जोडून आहे आणि शेतकऱ्याच्या अर्जात तोडून आलं. अर्जांचं टेबल त्या नावावर ‘फॉरेन की’नं तालुक्यांच्या टेबलशी बांधलेलं असेल, तर मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर १४५२ क्रमांकाची एरर देऊन नोंद नाकारतं.

नाकारतं ते बरंच करतं. पण सेवा केंद्रात रांगेत उभ्या शेतकऱ्याला दिसतं काय? कोड आळशी असेल तर इंग्रजी एररची लांबलचक ओळ, टेबलांच्या नावांसकट. म्हणजे चोराच्या हाती घराचा नकाशा. जाणता प्रोग्रामर मूळ एरर सर्व्हरच्या लॉगमध्ये टिपतो, पडद्यावर ‘तालुका यादीतून निवडा’ एवढंच म्हणतो आणि भरलेले बाकीचे रकाने पुसत नाही. (नावाऐवजी तालुक्याचा कोड वापरला असता तर ही वेळच आली नसती.)

१०६२ क्रमांकाची एरर म्हणजे दुबार नोंद: ‘अर्ज आधीच आला आहे’ असं सांगून मोकळं व्हावं.

१२१३, अर्थात डेडलॉक, वेगळा. दोन व्यवहार एकमेकांची वाट अडवून बसतात, मायएसक्यूएल त्यांतला एक रद्द करतं. तो क्षणभर थांबून पहिल्यापासून चालवला की बहुधा पार पडतो. अर्जदाराला पत्ताही लागत नाही.

पण हे सगळं एरर कोडपर्यंत पोचली तर. जुन्या पीएचपीत तर मायएसक्यूएलशी बोलणारं ‘मायएसक्यूएलआय’ चूक झाली तरी मुकाट ‘फॉल्स’ परत करायचं. २०२१च्या ८.१ आवृत्तीपासून ते आपणहून एक्सेप्शन फेकतं.