वाघ सोडून बरंच काही!

शनिवारची पहिली गाडी, खांद्यावर कॅमेरा आणि समोर गोंदियाचे तलाव. वीकएंडला आणखी काय हवं? अट एकच. थोडं लांब उभं राहायचं!

सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो, ‘काय रे, दिसला का वाघ?’ शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन गोंदियाला पळणारा माणूस वाघासाठीच जात असणार, अशी आम्हा नागपूरकरांची पक्की समजूत. लोकांचंही चूक नाही. नागझिरा अभयारण्य १९७०चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५चं आणि डिसेंबर २०१३पासून या सगळ्या जंगलाचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. व्यंकटेश माडगूळकरांनी तर ‘नागझिरा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. पण खरं सांगू? गेल्या सहा वर्षांत माझ्या हार्ड डिस्कवर जमलेल्या गोंदियाच्या फोटोंत वाघ शोधायला गेलात, तर हाती शेपूटही लागणार नाही. तिथे आहे धान, पाणी, धुकं, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरी आणि लाल डोक्याचा एक भलामोठा पक्षी.

मी काही प्रोफेशनल फोटोग्राफर नाही. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, टार्गेट आणि रिव्ह्यू मीटिंग. कॅमेरा सेकंडहॅण्ड, लेन्स ७०-३०० ची साधी झूम. एवढ्या भांडवलावर जंगलात सफारीच्या जिप्सीतून वाघ टिपायचा म्हणजे नशिबाचा खेळ. त्यापेक्षा जंगलाबाहेरचा गोंदिया बरा. तिथे गेट नाही, परमिट नाही, वेळेचं बंधन नाही. आणि प्रत्येक ऋतूत तेच ठिकाण नव्याने दिसतं.

पाण्याचा जिल्हा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा ओळखला जातो तो धान आणि तलावांसाठी. हे बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, ते माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी काही पिढ्या खपून पाणी कुठून येतं, कुठे अडवायचं याचा अंदाज बांधत या मुलखात तलाव उभे केले. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. भोवती टेकड्या, मध्ये पाणी. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच परिसरात राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून गेले. २०२५मध्ये ते गेले, तेव्हा त्या जूनमध्ये मी मुद्दाम बांधावर एक संध्याकाळ काढली.

मोठा तलाव नसेल तिथे बोडी असते. बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव. फोटोसाठी बोडी ही सोन्याची खाण! एका काठावर म्हशी, दुसऱ्या काठावर बगळे, मध्ये शिंगाड्याचे वेल आणि त्यातून डोंगा रेटणारा ढिवर. सगळं एकाच फ्रेममध्ये.

चार ऋतू, चार फ्रेम

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू असते. चिखल केलेल्या बांध्यांमध्ये पाणी तुंबलेलं असतं आणि त्यात अख्खं आभाळ उतरतं. बायका एका ओळीत वाकून धानाची रोपं लावत मागे सरकत असतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, वरचं आभाळ आणि खालचं आभाळ दोन्ही मिळतील. पण आधी बोला, मग क्लिक करा. ‘काकू, फोटो काढू का?’ एवढं विचारलं की दहापैकी नऊ जणी हसून हो म्हणतात. दहावी नाही म्हणाली तर नाही म्हणजे नाही.

पाऊस ओसरला की सालेकसा तालुका गाठावा. मुंबई-हावडा लाइनवरच्या दरेकसा स्टेशनपासून हाजरा फॉल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे वेगवेगळ्या राज्यांतून गोंड भाविक येतात. मी तिथे कॅमेरा बराच वेळ बॅगेतच ठेवतो. कुणाची पूजा हा आपला ‘इव्हेंट’ नसतो, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

डिसेंबर-जानेवारीत परसवाडा, झिलमिलीसारख्या तलावांवर पाहुणे उतरतात. तलवार बदक, मोठी लालसरी अशी उत्तरेकडून आलेली मंडळी. सकाळी सातच्या सुमाराला पाण्यावर धुकं असतं. अशा वेळी कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि सगळं करडं करून टाकतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, धुकं पांढरं दिसेल. मार्च-एप्रिलमध्ये मात्र पाण्याकडे पाठ फिरवून झाडांखाली बघायचं. मोहफुलं वेचायला माणसं भल्या पहाटे निघालेली असतात. टोपली, पिवळसर फुलांचा सडा आणि तिरपा उजेड. ऊन चढलं की सगळं संपतं.

लाल डोक्याचे मालक

आणि आता सारस. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ माणसाएवढा दिसतो. राखाडी अंग, लालभडक डोकं-मान आणि जोडीने दिलेली ती साद! पहिल्यांदा ऐकली तेव्हा फोटो काढायचंच राहून गेलं. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाला पर्याय नाही. भंडाऱ्यात तुरळक दिसतात, नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आहेत, बाकी राज्यातून हा पक्षी जवळजवळ संपला. गोंदियातही आकडा काही डझनांच्या पुढे जात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी वन विभाग, गोंदियाची ‘सेवा’ संस्था आणि गावोगावचे स्वयंसेवक पहाटे तलाव-शेतांवर बसून त्यांची मोजणी करतात.

गंमत म्हणजे हा पक्षी जंगलात राहत नाही. तो माणसांच्या शेतात राहतो. पावसाळ्यात पाणथळीत किंवा चक्क धानाच्या बांधीत, रोपं आणि गवत उपसून तो घरट्याचा ढीग रचतो. अंडी साधारण दोन. महिनाभर नर-मादी आळीपाळीने उबवतात. म्हणजे शेतकऱ्याचं तेवढं धान गेलंच.

एकदा ऑगस्टमध्ये मी अशाच एका शेताच्या धुऱ्यावर उभा होतो. घरटं लांब, लेन्स तोकडी. अजून पन्नास पावलं पुढे गेलो असतो तर कव्हरपेजचा फोटो मिळाला असता. शेतमालक मागून आले. पासष्टीचे असतील. म्हणाले, “येथूनच काढा जी. समोर नोका जाऊ, अंड्यावर बसली आहे.”

मी म्हटलं, “काका, तुमचं नुकसान होत असेल ना?”

“होते ना. थोडा धान मोडते. पन हरसाल येते जी. आमच्या वावरात नाही त जाईल कोठी?”

मी तिथेच थांबलो. पक्षी घाबरून उठला तर अंडी उघडी पडतात आणि कावळे, कुत्री टपूनच असतात. ज्याचं धान मोडतंय तो माणूस पन्नास पावलं राखून आहे, मग शहरातून दोन तासांसाठी आलेल्या मला ती ओलांडायचा काय हक्क?

तो फोटो आज माझ्या हॉलमध्ये आहे. त्यात सारस अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. भोवती हिरवं धान, एका कडेला छत्री घेतलेले काका आणि वरून आडवी गेलेली विजेची तार. मित्र म्हणतात, ‘तार काढून टाक ना फोटोशॉपमध्ये!’ नाही काढत. या जिल्ह्यात विजेच्या तारांना लागून सारस मेलेत. शेतातली कीटकनाशकं, आटत चाललेल्या पाणथळ जागा हे प्रश्न आहेतच. २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. ती तार त्या फोटोतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

मला वाटतं, आपल्यासारख्या हौशी लोकांची खरी परीक्षा इथेच आहे. वाघाभोवती जंगलाचे नियम आहेत, गाइड आहे, गेट आहे. सारसाभोवती फक्त एक शेतकरी आहे आणि आपली अक्कल. एक सुंदर फोटो, त्याखाली गावाचं नाव, आणि पुढच्या रविवारी त्याच धुऱ्यावर दहा गाड्या. घरटं मोडायला एवढं पुरतं. म्हणून घरट्याचा फोटो मी कुठेही टाकत नाही. इतर फोटो टाकताना ‘गोंदिया जिल्हा’ एवढंच लिहितो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवतो. गावकऱ्यांचे काढलेले फोटो मात्र त्यांना न चुकता पाठवायचे, व्हॉट्सॲपवर नाहीतर प्रिंट काढून. पुढच्या वेळी चहा पक्का!

जायचं कसं?

नागपूरहून रेल्वेने गोंदिया साधारण १३० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. मुंबईकरांसाठी विदर्भ एक्स्प्रेस, पुणे-कोल्हापूरकरांसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून नवेगाव बांधला गाडीने तास-दीड तास. तलावांवर हिवाळ्यात जा, धानासाठी पावसाळ्यात. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातलं पर्यटन बंद असतं, ते ध्यानात ठेवा.

बॅगेत काय?

२५० ते ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम पुरते. जास्तीची बॅटरी, कारण थंडीत ती लवकर उतरते. लेन्स पुसायचं कापड, पावसासाठी साधी प्लास्टिकची पिशवी, मळकट रंगाचे कपडे आणि दुर्बीण. दुर्बीण असली की जवळ जायचा मोह निम्मा कमी होतो. बाकीचा निम्मा आपला आपणच आवरायचा.