जळगाव की पुणे?

पूर्वी आपल्या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठास संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. तेव्हा आज नंदुरबारहून पुण्यास शिकावयास जाणे म्हणजे विद्यापीठच बदलणे होय.

मित्रहो, द्वितीय वर्षास पुण्यास जावे असे माझ्याही मनात होते. चौकशी करता समजले, की महाविद्यालयाच्या दाखल्याबरोबर विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागते आणि नवे विद्यापीठ पात्रता तपासते. अभ्यासक्रम जुळला नाही, तर राहिलेले विषय पुन्हा द्यावे लागू शकतात. मजुरीवर चालणाऱ्या आमच्या घरास एक वर्ष वाया घालविणे परवडणारे नाही. म्हणून बी.ए. येथेच पूर्ण करून एम.ए.साठी पुण्यास जाण्याचे मी ठरविले आहे. प्रमाणपत्र तेव्हाही लागेल. पण पदवी पदरात पडलेली असेल.